इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक अडकला तर: बॅटरीपासून कॅलिपरपर्यंत

मागच्या जुलैत सकाळी सात वाजता तोरणमाळहून फोन आला. "भाऊ, गाडी जागची हालत नही. ब्रेकना लाल दिवा लागेल शे." रात्रभर पाऊस झालेला, गाडी यशवंत तलावाजवळ उभी, आणि फोनवर आमचे जुने गिऱ्हाईक असलेले नाना. त्यांनी माझ्याआधी आणखी एका ठिकाणी फोन लावला होता. तिथून उत्तर मिळालं होतं की ब्रेकचं मॉड्यूल, म्हणजे कंट्रोल युनिट, गेलं, गाडी उचलून आणावी लागेल, खर्च मोठा आहे.

मी त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या. सीटबेल्ट लावा, दार नीट बंद करा, पायाचा ब्रेक दाबून पार्किंग ब्रेकचं बटण दाबा. काही झालं नाही. मग म्हटलं, नाना, हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा आणि पुन्हा बटण दाबा. उजेड एकदम मंद पडला. मॉड्यूल गेलेलं नव्हतं, बॅटरी झोपली होती. शेजारच्या जीपला जंपर केबल जोडली, इंजिन सुरू झालं, दोन मिनिटांनी बटण दाबताच मागून घर्र आवाज झाला आणि ब्रेक सुटला.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहिला नसता. नाना घाट उतरून शहाद्याला गॅरेजवर आले तेव्हा मी गाडी जॅकवर घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक मोटरचा कपलर (तारा जोडणारा प्लग) उघडला तर आत काळी माती, आणि एका पिनेवर हिरवा थर. बॅटरी तगडी असती तर हा कपलर अजून महिनाभर चालला असता आणि मग नेमका घाटातच दगा दिला असता. या ब्रेकच्या बहुतेक बिघाडांत असंच असतं. पहिला दोष सापडला की माणूस थांबतो आणि दुसरा त्याच्या आड लपून राहतो. म्हणून तपासणी ठरलेल्या क्रमाने, शेवटपर्यंत करायची. क्रम असा: बॅटरी, बटण आणि पायाच्या ब्रेकचा स्विच, कपलर व वायरिंग, कॅलिपरच्या (डिस्कला पॅडने आवळणाऱ्या पंजाच्या) सरकत्या पिना, मोटर, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोल युनिट, म्हणजे हा ब्रेक चालवणारा छोटा संगणक.

आत काय चालतं

तीन दारांच्या थारमध्ये हाताने ओढायचा लिव्हर आहे. थार रॉक्सच्या वरच्या मॉडेलांत, एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलांत, जीप कंपास आणि मेरिडियनमध्ये बटण आहे. या गाड्यांत मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या पाठीला एक छोटी १२ व्होल्टची मोटर बसवलेली असते. मोटर गिअरमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पुढे सरकतो, पिस्टनला ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात. हा स्क्रू उलटा आपोआप फिरत नाही. म्हणून वीज गेली, बॅटरी काढली, तरी लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो. उतारावर उभ्या गाडीसाठी हे मोठं संरक्षण आहे, आणि बॅटरी मेल्यावर गाडी हलत नाही त्याचंही कारण हेच.

किती आवळलं हे कंट्रोल युनिट बहुधा मोटरच्या करंटवरून ओळखतं. मोकळ्यावर फिरताना करंट थोडा असतो, पॅड डिस्कला टेकून घट्ट झाले की तो चढत १५ ते २० अँपिअरच्या घरात जातो आणि युनिट मोटर बंद करतं. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं तर पुढचं निदान सोपं जातं. तारेच्या वाटेत कुठे गंजामुळे अडथळा असेल तर करंट अपेक्षेपेक्षा कमी चढतो. कॅलिपरची सरकती पिन आतून जाम असेल तर तो वेळेआधीच चढतो. दोन्ही वेळा युनिट गोंधळतं आणि दिवा लावतं.

आणखी एक. घाट उतरून गरम डिस्कवर ब्रेक लावून गाडी उभी केली, तर डिस्क थंड होताना आकसते आणि पकड थोडी सैल पडते. म्हणून काही गाड्यांत युनिट काही मिनिटांनी स्वतःहून पुन्हा आवळतं. बंद गाडीतून मागून घर्र आवाज आला म्हणून लोक घाबरून येतात. तो बिघाड नाही. पण याच कारणाने, मोटर जोडलेली असताना कॅलिपरमध्ये बोट घालायचं नाही. किल्ली बंद असली तरी नाही.

काम सुरू करण्याआधी

गाडी सपाट, कडक जागी घ्या. शेतातल्या काळ्या मातीवर जॅक लावू नका, कोरडी दिसली तरी ती खालून दबते. पार्किंग ब्रेकचंच काम असल्यामुळे तो सोडावा लागणार, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. फोर बाय फोरचा लिव्हर असेल तर तो टू एचवर (फक्त दोन चाकांना ओढ) ठेवा, नाहीतर एक चाक फिरवताना बाकीचीही ओढली जातात. गाडी जॅकवर नाही, घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवायची.

हत्यारं फार लागत नाहीत: मल्टिमीटर, टेललॅम्पच्या २१ वॅटच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प, टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) बिटचा संच, काँटॅक्ट क्लीनर, सिलिकॉन ग्रीस, आणि ब्रेकचा सर्व्हिस मोड (कामासाठी मोटर मागे घेण्याची सोय) देणारा स्कॅनर. साधा, फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्कॅनर इथे चालत नाही. ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात, यंत्रणांच्या आपसातल्या संपर्काचे यू ने, आणि हे दोन्ही वाचता यायला हवेत.

आधी कोड वाचा, कागदावर लिहा, मग पुसा आणि बटण चालवून बघा. पुन्हा लगेच जे परत येतात ते आजचे दोष. बाकीचे जुने असतात, बॅटरी खाली गेल्यावर ओळीने साठलेले. नानांच्या गाडीत सात कोड होते, पुसल्यावर एकच परत आला, डाव्या मोटरच्या सर्किटचा. कोड हा पत्ता सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. "डावी मोटर सर्किट" लिहून आलं म्हणजे डावी मोटर बदला, असा त्याचा अर्थ नव्हे.

पहिली पायरी: बॅटरी

आपल्याकडे बॅटरी मरते मे महिन्यात आणि तिचं मरण कळतं जुलैत. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बॅटरी आतून खंगते, आणि पावसात वायपर, दिवे, पंखा एकदम चालू झाले की उघडी पडते.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे या ब्रेकसाठी धोक्याची. पण नुसतं उभं व्होल्टेज फसवतं. मीटर बॅटरीवर ठेवूनच दुसऱ्याला ब्रेक लावायला आणि सोडायला सांगा. आकडा ११ च्या खाली घसरला तर आधी बॅटरी बदला, मग पुढचं बोला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा, नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच होईल.

त्याच वेळी बॅटरीची टर्मिनलं आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी साफ करून घ्या. नटाखालचा रंग खरवडलेला असावा, पत्रा चमकला पाहिजे.

दुसरी: बटण आणि पायाचा ब्रेक

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि लोक हीच गाळतात. बहुतेक गाड्यांत पायाचा ब्रेक दाबल्याची खूण युनिटला मिळाल्याशिवाय पार्किंग ब्रेक सुटत नाही. कुणालातरी मागे उभं करा आणि पेडल दाबा. मागचे लाल दिवे लागत नसतील तर पेडलवरचा स्विच किंवा त्याचा फ्यूज बघा. मोटर, युनिट सगळं ठणठणीत असूनही गाडी तिथेच अडलेली असते.

बटणाचा दोष ओळखायचा तर स्कॅनरच्या लाइव्ह डेटात बघायचं. बटण ओढलं, सोडलं, दाबलं की स्थिती बदलताना दिसली पाहिजे. शेतावरच्या गाड्यांत बटणात धूळ, चहा, गूळ, काहीही गेलेलं असतं. या बटणात एकापेक्षा जास्त संपर्क असतात आणि युनिट ते एकमेकांशी ताडून बघतं, म्हणून त्यातला एक बिघडला तरी ते विश्वास ठेवत नाही.

तिसरी: कपलर आणि तारा

इथे वेळ द्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या गाड्यांचं दुखणं याच हातभर अंतरात सापडतं.

तापीकाठची काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की वीट होते. गिरणा, अनेर, पांझरा ओलांडताना ती चाकाच्या आतल्या बाजूला बसते, कपलरच्या रबरी सीलभोवती वाळते, भेगाळते आणि पुढच्या पाण्यात त्याच भेगेतून ओल आत ओढते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतून फिरणाऱ्या गाड्यांचं वेगळंच: मी एकदा मागच्या चाकाच्या आत केळीच्या सोपटाचा सुतळीसारखा पिळा काढला. एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) आणि ब्रेक मोटरची तार त्याने एकत्र आवळली होती, क्लिपमधून उपसली होती आणि चाकाच्या कडेला घासून सोलली होती. कपाशीच्या गंजीशेजारी उभी राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात.

आधी नुसतं डोळ्यांनी बघा, कपलरपासून बॉडीत शिरेपर्यंत. मग कान लावा. दुसऱ्याला बटण चालवू द्या आणि दोन्ही चाकांजवळ बसून ऐका. चांगल्या मोटरचा आवाज सुमारे सेकंदभर एकसारखा घर्र येतो आणि शेवटी जड होऊन थांबतो. एकाच बाजूने आला तर दोष दुसऱ्या बाजूला. आवाज हलकाच राहिला, जड झालाच नाही, तर गिअर किंवा स्क्रू तुटलेला. नुसता क्षणभर हुंकार देऊन थांबला तर आत काहीतरी जाम.

आवाजच नसेल तर टेस्ट लॅम्प काढा. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने दोन्ही तारांना टोचा, कारण काही युनिटं कपलर सुटला की वीजच सोडत नाहीत. बटण चालवताच बल्ब सेकंदभर भरभक्कम पेटला आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. बल्ब मिणमिणला तर वाटेत अडथळा आहे. अजिबात लागला नाही तर फ्यूज, तार किंवा युनिट. मी मीटरऐवजी बल्ब का वापरतो? तांब्याचा एकच धागा शिल्लक असलेली तारही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा तारेची खरी ताकद कळते.

मीटरचा खरा उपयोग व्होल्टेज कुठे हरवतं हे शोधायला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरं युनिटच्या अर्थच्या तारेवर, आणि मोटर चालू असताना वाचा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच धन बाजूला, बॅटरीपासून युनिटपर्यंत: ०.५ च्या वर गेलं तर फ्यूजचा बैठकीचा भाग किंवा मुख्य तार तपासा. हे करताना तार हलवत राहा, विशेषतः ती बॉडीतून सुटून चाकाकडे जाते त्या वळणावर. चाक वरखाली होतं तशी तार तिथे रोज वाकते. वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं आणि आत तांबं तुटलेलं असतं.

कपलर साफ करताना खिळ्याने पिना खरवडू नका, पातळ थर निघून जातो आणि गंज लवकर चढतो. काँटॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, कोरड्या हवेने वाळवा, सीलला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पिन काळी पडून बारीक झाली असेल तर तारेसकट नवा कपलर बसवा. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही. जुन्या तारेइतक्याच जाडीची तार घ्या, क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, आणि हा जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर, बॉडीच्या बाजूला ठेवा.

जाता जाता चाकाच्या वेगाचा सेन्सरही पुसा. त्याचं टोक चिखलाने किंवा लोखंडी भुकटीने भरलं की एबीएसचा दिवा लागतो आणि त्याच्या मागोमाग पार्किंग ब्रेकचाही.

चौथी: कॅलिपर

इथून पुढे सर्व्हिस मोड लागतो. स्कॅनरने तो सुरू केला की मोटर नट पूर्ण मागे घेते. काही गाड्यांत स्कॅनरशिवायही किल्ली, पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबून तो मिळतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तर तोच क्रम वापरा, दुसऱ्या गाडीचा नाही. नट मागे न घेता सी-क्लॅम्पने पिस्टन दाबणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. पॅड बदलायला गेलेला माणूस त्यात पूर्ण कॅलिपर बदलून येतो.

सर्व्हिस मोड लागला की बॅटरीचं ऋण टोक काढा. कॅलिपर सोडा आणि तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवा. आता दोन्ही सरकत्या पिना हाताने सरकवून बघा. त्या दोन बोटांनी मागेपुढे व्हायला हव्यात. पिनेवरचा बूट (रबरी टोपी) फाटलेला असेल तर आत चिखल आणि गंज सापडेलच. पिन बाहेर काढून पुसा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, खड्डे पडले असतील तर बदला. ग्रीस फक्त सिलिकॉनचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट अडकते.

वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल मारून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. पत्रा चमकतो खरा, पण तेच डिझेल बुटांना फुगवतं आणि डिस्कवर उडालं तर पॅड निकामी करतं. मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो, मागच्या चाकांच्या आत डिझेल नको आणि कपलरवर जोराच्या पाण्याचा फवारा नको.

आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघा. एक पातळ आणि दुसरा जाड असेल तर पिन नक्की अडकते आहे. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीतलं थोडं तेल काढून ठेवा, नाहीतर ते वर येऊन रंगावर सांडतं.

पाचवी: मोटर

मोटर कॅलिपरच्या पाठीवर बहुधा दोन टॉर्क्स बोल्टांनी धरलेली असते. ती काढायला ब्रेकची नळी सोडावी लागत नाही, ब्लीडिंगही (नळीतली हवा काढणं) नाही. कपलर सुटा करून दोन्ही मोटरींचा रेझिस्टन्स मोजा. तो फार कमी, एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून मीटरच्या तारा एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. नेमका आकडा शोधत बसण्यापेक्षा डावी आणि उजवी यांची तुलना करा. एकीत अनंत दाखवलं तर ती आतून तुटली.

मोटर सुटी करून खालचा स्क्रू टॉर्क्स बिटने हाताने फिरवून बघा. अडखळत, दाणेदार फिरत असेल तर दोष कॅलिपरमध्ये आहे आणि नवी मोटर टाकून उपयोग नाही. जंगलात ब्रेक अडकला आणि बॅटरीने काही झालं नाही तर हाच शेवटचा मार्ग: चाकांना दगड लावून, गाडी गिअरमध्ये ठेवून, मोटर काढायची आणि चाक मोकळं होईल त्या दिशेने स्क्रू हलकेच फिरवायचा. जोर लावायचा नाही, आणि नंतर पार्किंग ब्रेक नाही असं समजूनच गाडी चालवायची.

मोटरला थेट बॅटरी जोडून चालवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. कॅलिपरवर बसलेल्या मोटरला असं करू नका. करंट तोडणारं तिथे कुणी नसतं, एका सेकंदात गिअरचे दात जातात. सुटी मोटर टेबलावर क्षणभर फिरवून बघणं वेगळं.

मोटर परत बसवताना तिच्या खालची ओ-रिंग (रबरी कडी) नवीन टाका. जुनी दबून चपटी झालेली असते आणि पहिल्याच नदीत पाणी आत घेते.

जुन्या डिस्कव्हरी ३ आणि ४ सारख्या गाड्यांत रचना वेगळी आहे: एकच मोटर दोन केबल ओढते आणि डिस्कच्या आतल्या ड्रममधले शू फाकतात. त्यात मोटरआधी ड्रम उघडून चिखल काढा आणि शूचं अंतर बसवा. कर्कश आवाज येत असेल तर तो बहुधा तिथलाच असतो.

कंट्रोल युनिटवर बोट ठेवायचं ते वरचं सगळं बरोबर निघाल्यावरच. वीज पोचते, अर्थ चांगला, तारा सलग, मोटर चांगली, बटण चांगलं, आणि तरी ते वीज सोडत नाही, तर ते गेलं. युनिट अनेकदा एबीएसच्या ब्लॉकमध्येच असतं आणि बदलल्यावर गाडीशी कोडिंग करून जुळवावं लागतं, म्हणून भंगारातलं आणून बसवलं की चालेल असं नसतं.

जुळवणी आणि चाचणी

सगळं बसवल्यावर बॅटरी जोडा आणि आधी पायाचं पेडल कडक होईपर्यंत मारा. मग सर्व्हिस मोडमधून बाहेर या, स्कॅनरने कॅलिब्रेशन करा, आणि ब्रेक तीन-चार वेळा लावा-सोडा. कोड पुसा. चाकं अजून हवेत असतानाच दोन्ही हाताने फिरवा: लावल्यावर हलता कामा नयेत, सोडल्यावर दोन्ही सारखीच मोकळी फिरली पाहिजेत.

नंतर चढ शोधा. पार्किंग ब्रेक लावा, गिअर न्यूट्रल करा, पायाचा ब्रेक हळूहळू सोडा, पाय मात्र पेडलवरच. एकदा तोंड वर करून, एकदा खाली करून. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून या आणि मागच्या दोन्ही रिमांना हाताची पाठ जवळ नेऊन बघा. एक रिम दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक पूर्ण सुटत नाही, पिना पुन्हा उघडा.

नानांच्या गाडीला नवी बॅटरी, डावा कपलर तारेसकट, आणि डाव्या कॅलिपरच्या खालच्या पिनेचा बूट लागला. मोटर तीच आहे, युनिटही तेच. चार दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावून कोड वाचले, एकही नव्हता. त्या संध्याकाळी ते परत तोरणमाळला गेले.